पार्सल ‘पोहोचलं’, पण कुणाच्या हातात?



आजचा विषय गटाच्या बैठकांमधूनच आला आहे. गेल्या दिवाळीपासून आमच्या प्रभागातल्या तीन-चार गटांत एकच रडगाणं ऐकू येतंय. मोबाईलवर मेसेज येतो, तुमचं पार्सल पोहोचलं. बाई रानातून घाईघाईनं घरी येते, ओसरी बघते, सासूबाईंना विचारते, शेजारी विचारते, आणि पार्सल कुठंच नाही. कुणाची साडी गेली, कुणाचा मिक्सर गेला, एकीची तर शिलाई मशीनची मोटर गेली.

शहरात बिल्डिंगखाली पेट्या असतात, वॉचमन असतो. आपल्याकडं काय आहे? वस्तीवरचं घर, रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, पावसाळ्यात तर गाडीच येत नाही. मग पार्सल आणणारा पोरगा फाट्यावरून फोन लावतो, “ताई, मी इथं आलोय, कुठं ठेवू?” आपण म्हणतो, “ठेव की दुकानात.” कधी दूध डेअरीत, कधी पिठाच्या गिरणीत, कधी एसटी स्टँडजवळच्या टपरीत. आपल्याला ते सोयीचं, त्यालाही सोयीचं. पण त्या टेबलावर दिवसभरात शंभर माणसं हात टेकवून जातात. पार्सल उचलणारा त्यातलाच एखादा असतो, आणि पाहिलेलं कुणीच नसतं.

तर पार्सल गेलं की पहिला प्रश्न “कुणी नेलं” हा विचारायचा नाही. पहिला प्रश्न विचारायचा, “कुरिअरवाल्यानं ते कुणाच्या हातात दिलं?” पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. तुमच्या हातात दिलं असेल, घरच्यांच्या हातात दिलं असेल, किंवा तुम्ही स्वतः नाव घेऊन सांगितलेल्या माणसाच्या हातात दिलं असेल, तर कंपनीच्या हिशोबी ते पोहोचलं. त्यानंतर ओसरीवरून गेलं तर ती चोरी, तिची तक्रार पोलिसांकडं. पण तुम्ही न सांगता कुणा तिसऱ्याकडं दिलं असेल, कुंपणावर टाकून गेला असेल, किंवा दिलंच नसेल आणि नुसतं बटण दाबून मेसेज पाठवला असेल, तर ते तुम्हाला मिळालेलं नाही. मग जबाब कंपनीनं द्यायचा. दोन्हींची गल्लत केली की बाई पोलीस स्टेशनला हेलपाटे घालत बसते आणि तिकडं कंपनीकडं तक्रार करायची मुदत निघून जाते.

आता ओटीपीचं बोलू, कारण निम्मी प्रकरणं इथंच अडकतात. थोड्या महाग वस्तूंसाठी कंपन्या मोबाईलवर चार-सहा आकडे पाठवतात. ते आकडे म्हणजे तुमचा अंगठा. बँकेत पैसे काढायला गेल्यावर आपण नोटा मोजल्याशिवाय काउंटर सोडत नाही, आणि कोऱ्या स्लिपवर सही करून कुणाच्या हातात देत नाही. बचत गटात ही शिस्त आपल्या हाडीमाशी भिनली आहे. पण फोनवर कुणी “ताई, लवकर आकडा सांगा, मला अजून चाळीस पार्सलं टाकायचीत” म्हटलं की आपण पटकन सांगून मोकळ्या होतो. आकडा सांगितला म्हणजे कंपनीच्या दप्तरी तुमचा अंगठा उठला. पार्सल फाट्यावर असो, टपरीवर असो, कागदोपत्री ते तुमच्या हातात आलं.

मोटर गेली त्या ताईंचं असंच झालं. त्यांनी गटातून कर्ज घेऊन शिलाईचं काम सुरू केलं होतं. पायानं मशीन मारून गुडघे दुखायला लागले म्हणून मोटर मागवली, पैसे आधीच भरले. पार्सल आलं त्या दिवशी त्या कांदा लावणीवर होत्या. चिखलाच्या हातानं फोन धरून त्यांनी आकडा सांगितला आणि दुकानात ठेवायला सांगितलं. संध्याकाळी गेल्या तर दुकानदार म्हणाला, “वहिनी, इथंच होतं, तासाभरापूर्वी बघितलं होतं मी.” कंपनीनं उत्तर दिलं की ओटीपी घेऊन माल दिलेला आहे. त्या उत्तरापुढं फारसं काही चाललं नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, त्यानं उपकार म्हणून ठेवून घेतलं होतं, वही नाही की सही नाही. मोटर गेली आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. हप्त्याच्या दिवशी त्या ताई मान खाली घालून बसायच्या, ते बघवत नव्हतं.

त्या पोरानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. ही पोरं आपल्याच गावची असतात, बऱ्याच ठिकाणी त्यांना पार्सलमागं ठराविक पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं. वस्तीवर यायचं म्हटलं की त्यांचा अर्धा तास जातो. त्यामुळं भांडून उपयोग नाही. पण आकडा मात्र पार्सल हातात आल्यावरच. तुम्ही रानात असाल तर घरच्या माणसाला, किंवा जिच्याकडं ठेवायचं तिला, आकडा द्या आणि सांगा, बॉक्स बघ, नाव बघ, टेप फाटलेली नाही ना बघ, मग आकडा सांग. घरी कुणीच नसेल तर सरळ म्हणायचं, “दादा, आज नको, उद्या आणा.” पुन्हा फेरी मारायची सोय बहुतेक कंपन्यांकडं असते.

समजा एवढं करूनही मेसेज आला आणि पार्सल नाही. तर त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता, काय करायचं ते सांगते.

आधी घर धुंडाळा. हसू नका. आमच्याकडच्या एका प्रकरणात दिरानं पार्सल घेऊन कणगीवर ठेवलं आणि तो बाजाराला निघून गेला. इकडं बाईनं अर्धं गाव डोक्यावर घेतलं. घरात, शेजारी, आणि ज्या नंबरवरून फोन आला होता त्या पोराला, एवढ्या तीन ठिकाणी विचारायचं. पोराला विचारताना शब्द जपा. “पार्सल कुठं गेलं?” असं नाही, तर “कुणाच्या हातात दिलं, किती वाजता, कुठल्या ठिकाणी?” तो सांगेल ते वेळेसकट लिहून ठेवा.

मग मेसेजचा फोटो घ्या, म्हणजे स्क्रीनशॉट. ॲपमध्ये ऑर्डर उघडली की कधी कधी कुणी घेतलं त्याचं नाव किंवा दारात ठेवल्याचा फोटो दिसतो. तो फोटो नीट बघा. मळ्यातल्या एका ताईंचा डब्यांचा सेट आला नाही. त्यांना संशय रोज दूध न्यायला येणाऱ्या मुलाचा. बोलाचाली झाली, मुलाची आई आमच्याच गटात, ती दोन बैठकांना आलीच नाही. नंतर कुणीतरी ॲपमधला फोटो मोठा करून बघितला, तर पार्सल ठेवलेला उंबरा भलत्याच घराचा. शेजारच्या गावात त्याच आडनावाचं घर, तिथं ते जाऊन पडलं होतं. डबे परत मिळाले, पण त्या दोघी अजून एकमेकींशी मोजकंच बोलतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, फोटो बघितल्याशिवाय आणि कंपनीचं उत्तर आल्याशिवाय गावात कुणाचं नाव घेऊ नका. हजार-दीड हजाराच्या वस्तूपायी आयुष्यभराचं शेजारपण नासतं.

त्याच दिवशी ॲपमध्ये तक्रार नोंदवा. किती दिवसांत तक्रार घेणार हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळं उशीर परवडत नाही. फोनवर बोललात तरी लेखी तक्रार हवीच. काय लिहायचं ते मी सांगते, कागद-पेन असेल तर उतरवून घ्या: “माझ्या ऑर्डरचं पार्सल अमुक तारखेला पोहोचल्याचा संदेश आला आहे. ते मला किंवा माझ्या घरातील कोणालाही मिळालेले नाही. मी ओटीपी दिलेला नाही. पार्सल कोणाला दिले त्याचे नाव, सही, फोटो आणि ठिकाण कळवावे. वस्तू पुन्हा पाठवावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी.” सुरुवातीला ऑर्डर नंबर घाला. ओटीपी दिला असेल तर “दिलेला नाही” हे वाक्य लिहायचं नाही. पार्सल ओसरीवर घेतलं आणि नंतर चोरीला गेलं असेल, तर “मिळालंच नाही” असंही लिहायचं नाही. सहीचा फोटो समोर आला की तोंडघशी पडायला होतं आणि पुढं खरी तक्रार असली तरी कुणी ऐकत नाही.

तक्रार केली की एक नंबर मिळतो, तो वहीत लिहा. हा नंबर देणं ही कंपनीची मेहरबानी नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली वेगळे नियम झाले. त्या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर दाखवायचा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची. जिथं एकाच ॲपवर अनेक दुकानदार माल विकतात, तिथं तुम्ही लेखी मागणी केलीत तर विकणाऱ्याचं नाव-पत्ता कंपनीला द्यावा लागतो. साध्या चॅटवर “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत” एवढंच परत परत येत असेल, तर या अधिकाऱ्याला मेल करा. मेल येत नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडून करून घ्या, पण मजकूर आपला असावा.

एवढ्यानं नाही झालं तर १९१५ हा नंबर फिरवा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट लागतो, सकाळी ८ ते रात्री ८, आणि मराठीत बोलता येतं. बरोबर ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि कंपनीकडच्या तक्रारीचा नंबर ठेवा. ती मंडळी तुमची तक्रार कंपनीपुढं मांडतात. त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही हे खरं, पण बऱ्याच कंपन्या इथून विचारणा आली की हलतात.

त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. आता ऑनलाइनही दाखल होते. मात्र खरं सांगते, सहाशे रुपयांच्या कुर्त्यासाठी मी कुणाला तिथपर्यंत जायला सांगणार नाही. निकालाला वेळ जातो. शिलाई मशीन, फ्रीज, मोबाईल, गटाच्या व्यवसायासाठी घेतलेलं यंत्र, अशा वस्तूसाठी जरूर जा, आणि गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा.

आता खरोखरची चोरी. पार्सल तुम्ही किंवा तुमच्या माणसानं घेतलं, आणि मग ते ओसरीवरून, दुकानातून, गाडीच्या डिकीतून गेलं. इथं कंपनी जबाबदार नाही, पोलिसांकडं जायचं. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडं जुन्या दंडविधानाऐवजी भारतीय न्याय संहिता आली, त्यात चोरीचं कलम ३०३ आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी ही अदखलपात्र धरली जाते. म्हणजे पोलीस एनसी नोंदवतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. त्याहून जास्त किंमत असेल तर एफआयआर, आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी. जाताना वस्तूचं बिल नक्की न्या, किंमत त्यावरूनच ठरते. चोर आपल्याच गावचा निघाला, पहिल्यांदाच दोषी ठरला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर ५,००० च्या आतल्या चोरीला कायद्यानं समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. एखाद्या पोरसवदा मुलाच्या बाबतीत मला ही तरतूद बरी वाटते, आयाबायांच्याही जिवाला घोर कमी.

पार्सल टपालखात्याचं असेल तर वाट थोडी वेगळी. पावतीवरचा १३ अक्षर-आकड्यांचा नंबर घेऊन आधी आपल्या शाखा डाकघरात विचारा. तिथं समाधान झालं नाही तर १८०० २६६ ६८६८ या टोल-फ्री नंबरवर तक्रार करता येते. पोस्टमनदादा आपल्याला नावानं ओळखतात, त्यामुळं तिथं गोंधळ कमी होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

एका धोक्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पार्सल गेल्यावर दुसरा घाव इथंच बसतो. बाई रागात असते, पैसे परत हवे असतात. ती मोबाईलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधते. वर येणारा प्रत्येक नंबर खरा असतोच असं नाही, भामट्यांनी आपले नंबर तिथं पेरून ठेवलेले असतात. समोरचा गोड बोलतो, “मॅडम, रिफंड आत्ता टाकतो, फक्त हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” पैसे यायला पिन लागत नाही, मैत्रिणींनो. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दुसरा प्रकार, “पार्सल अडकलंय, स्टार किंवा हॅशनं सुरू होणारा हा नंबर फिरवा.” तो फिरवला की तुमचे फोन भलत्याच माणसाकडं वळतात, आणि बँकेचे ओटीपी त्याला ऐकू जातात. पलीकडच्या गावातल्या एकीचं पार्सल अठराशेचं गेलं आणि ते शोधताना खात्यातले नऊ हजार गेले. म्हणून कंपनीशी बोलायचं ते तिच्या ॲपमधून, किंवा बिलावर छापलेल्या नंबरवर. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.

पत्त्याबद्दलही सांगायला हवं. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार. एकसारख्या नावाच्या गावांचा घोळ मिटवायलाच तो आकडा हवा होता. आपल्याकडं वडगाव किती, पिंपळगाव किती, मोजा जरा! पण एका पिनकोडात अनेक गावं-वाड्या येतात. त्यामुळं नुसतं “मु. पो.” आणि पिनकोड लिहून भागत नाही. वस्तीचं नाव, जवळची खूण, म्हणजे पाण्याची टाकी, शाळा, मारुतीचं देऊळ, आणि दोन मोबाईल नंबर, एक आपला आणि एक दिवसभर घरी असणाऱ्याचा. नवऱ्याचा नंबर दिला आणि तो कंपनीत शिफ्टला असेल, तर त्या नंबरचा काय उपयोग?

आमच्या तीन गटांनी मोटरीच्या प्रकरणानंतर ठराव करून एक सोय केली. फाट्याजवळ राहणाऱ्या एका सदस्य ताईंचं किराणा दुकान आहे. ज्यांना हवं त्या पत्त्यातच “द्वारा” म्हणून त्यांचं नाव टाकतात. दुकानात एक शंभर पानी वही आहे. पार्सल आलं की तारीख, वेळ, कुणाचं, आणणाऱ्याचं नाव, बॉक्स धड आहे की फाटका, हे लिहायचं. नेणारीनं सही किंवा अंगठा केल्याशिवाय पार्सल द्यायचं नाही, मग ती सख्खी जाऊ असो की लेक. पार्सल काउंटरवर नाही, आतल्या कपाटात. फाटकं असेल तर घ्यायचंच नाही. पैसे देऊन सोडवायचं पार्सल असेल तर मालकिणीनं आधी पैसे आणून दिले तरच घ्यायचं, कारण न मागवलेली पार्सलं दारात आणून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात. दर पार्सलमागं पाच रुपये त्या ताईंना द्यायचे असं ठरलं. सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली, पाच रुपये कशाला म्हणून. पण फुकटच्या उपकारावर जबाबदारी टाकता येत नाही, आणि पाच रुपयांवर येते.

बॉक्स घरी आला की तो उघडताना घरातल्या पोराला मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. आधी वरचं लेबल दिसू द्या, मग बॉक्स चारी बाजूंनी फिरवा, मग टेप कापा, आणि मध्ये व्हिडिओ थांबवू नका. आतून वस्तू काढून दगड-साबण भरल्याचे प्रकार होतात, तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो. बॉक्स चुलीत घालण्याआधी लेबल फाडून वेगळं जाळा, त्यावर तुमचं नाव आणि मोबाईल नंबर असतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करा. १९१५ आणि १९३० हे दोन नंबर ठराव वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ज्यांच्या मोबाईलवर ऑनलाइन खरेदी होते त्यांच्याकडून ॲपमधलं तक्रारीचं पान एकदा उघडून घ्या. पार्सलच्या वहीचे रकाने कसे आखायचे ते बघायचं असेल तर आमच्या फाट्यावरच्या दुकानात या, शनिवारी बाजाराच्या दिवशी मी तिथंच असते.